पुढील स्थानक, मुलुंड

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर मागच्या महिन्यात एका सभासदांनी आपली नवी कथा वाचून दाखवली. कथेतला बारा वर्षांचा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला आहे, तो कोणाच्याही डोळ्यांत पाहत नाही, मध्य रेल्वेचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे, आणि शेवटी त्या पाठांतरामुळेच त्याची हरवलेली धाकटी बहीण सापडते. दोघीतिघींचे डोळे पाणावले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा मुलगा याच वयाचा आणि स्वमग्न आहे. त्या मात्र चहा येईपर्यंत गप्प होत्या आणि मग हळूच म्हणाल्या, ‘आमचा बहिणीला शोधायला जाईल की नाही सांगता येत नाही, पण तिचा खाऊ कोणी संपवला ते महिनाभर विसरणार नाही.’

या मुलाला मी त्याच्या घरी पाहिले आहे. पाहुणे वाढले, स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, की तो दाराच्या कडीवर हात ठेवतो आणि लोकलमधल्या उद्घोषणेच्या हुबेहूब चालीत म्हणतो, ‘पुढील स्थानक, मुलुंड.’ मुलुंडला त्याची आजी एकटी राहते आणि तिच्या घरी दुपारी पंख्याखेरीज कशाचाही आवाज नसतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा उच्चारण्याला ‘इकोलालिया’ म्हणतात. ललित लेखनात ते बहुधा अर्थहीन जपासारखे येते. पण १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून ऑटिझमचे सविस्तर वर्णन करणाऱ्या बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनीच १९४६ च्या एका लेखात याची उकल केली होती. त्यांच्याकडे येणारा एक मुलगा मध्येच ‘कुत्र्याला सज्जातून फेकू नकोस’ असे म्हणे, आणि समोर ना कुत्रा असे ना सज्जा. काही वर्षांपूर्वी हॉटेलच्या सज्जातून तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकत असे, तेव्हा आईने त्याला हे वाक्य ऐकवले होते, आणि त्यानंतर काहीही फेकण्याची ऊर्मी आली की तो त्याच शब्दांत स्वतःला आवरत असे. पुढे १९८४ मध्ये बॅरी प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल या अभ्यासकांनी अशा उशिरा उमटणाऱ्या वाक्यांची चौदा निरनिराळी कामे नोंदवली. म्हणजे अर्थ वाक्यात असतोच. तो कळण्यासाठी लागणारी पूर्वकथा ऐकणाऱ्याजवळ नसते.

लेखकाच्या हातून पात्राचे जे काही होते त्याचे मूळ मला इथेच दिसते. ज्याचा अर्थ आपल्याला लागला नाही, त्याला अर्थच नाही असे तो धरून चालतो. यात आपल्या शब्दाचाही थोडा हात असावा. ‘ऑटिझम’ ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरून आला आणि आपण त्याचे ‘स्वमग्नता’ केले. पण मराठी वाचकाला स्वमग्न म्हटले की खिडकीबाहेर पाहत बसलेला कवी आठवतो, त्यामुळे अर्धे पात्र लेखणी उचलण्याआधीच तयार झालेले असते. उरलेले अर्धे बरेचसे १९८५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगातून आले आहे. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांना दोन बाहुल्यांचा खेळ दाखवला: सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तिच्या पाठीमागे ॲन ती पेटीत लपवते, तर परत आलेली सॅली गोटी कुठे शोधेल? वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा जणांनी पेटी दाखवली. दुसऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा अंदाज बांधण्यापुरता हा प्रयोग होता. परंतु लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे ‘यांना दुसऱ्याचे दुःखच कळत नाही’ असे झाले, आणि कथाकारांना आयता थंड, यंत्रासारखा नायक मिळाला.

उलट बाजू मांडली ती स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी, २०१२ मध्ये. दोन वेगळ्या घडणीची माणसे समोरासमोर आली की गैरसमज दोन्हीकडून होतो, फक्त त्याचा बोल एकालाच लावला जातो, असे त्यांचे म्हणणे. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत स्वमग्न नसलेल्यांना अनोळखी माणसांच्या अगदी छोट्या ध्वनिचित्रफिती दाखवल्या, तेव्हा समोरची व्यक्ती स्वमग्न आहे हे माहीत नसतानाही, क्षणभर पाहून किंवा नुसता आवाज ऐकून त्यांनी तिच्याबद्दल प्रतिकूल मत बनवले. मात्र तेच बोलणे कागदावर उतरवून वाचायला दिले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. कथा सांगणाऱ्याने यावर खरे तर घटकाभर थांबायला हवे, कारण जिथे चेहरा आणि आवाज आड येत नाहीत असे माध्यम त्याच्याच हातात आहे, आणि तरीही तो पहिल्याच परिच्छेदात नजर न मिळवणे आणि सपाट आवाज लिहून मोकळा होतो.

वेळापत्रक पाठ असणाऱ्या पात्रांची चाल ‘रेन मॅन’ या चित्रपटाने रूढ केली. १९८८ च्या या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. परंतु त्याच्या स्वमग्न नायकाची कल्पना ज्यांच्यावरून सुचली ते अफाट स्मरणशक्तीचे किम पीक स्वमग्न नव्हते, असेच पुढे मानले गेले. त्यांच्या मेंदूत दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा पट्टाच नव्हता. असामान्य स्मरणशक्ती किंवा गणिती हातोटी स्वमग्न व्यक्तींपैकी दहात एखाद्याकडे असावी, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९७८ मध्ये केला होता. कथांमध्ये मात्र हे प्रमाण दहात दहा दिसते. बहुधा त्या कौशल्यावाचून पात्राला कथेत जागा मिळणार नाही, अशी भीती लेखकालाच वाटत असावी. मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या कादंबरीचा निवेदक मुलगा शाळाशाळांतून स्वमग्नतेचा नमुना म्हणून शिकवला गेला. या विषयाचा आपण अभ्यास केला नव्हता, फक्त कथेत येणाऱ्या स्विंडन आणि पॅडिंग्टन या इंग्लंडमधल्या रेल्वे स्थानकांची छायाचित्रे घेतली होती, असे हॅडन यांनी पुढे स्वतःच लिहिले. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला, आणि स्थानकाची पाहणी करणाऱ्याला मुलाची पाहणी करावीशी वाटली नाही, याची मौजही वाटली.

आमचे कथाकार मात्र निदान त्या घरी जाऊन आले. ते वही काढून बसले, आणखी दोघे पाहुणे आले, आतून मिक्सरचा आवाज सुरू झाला. मुलगा उठून दारापाशी गेला, कडीवर हात ठेवून म्हणाला, ‘पुढील स्थानक, मुलुंड.’ कथाकारांचा चेहरा उजळला. ‘वा! मग मुलुंडच्या पुढची सगळी स्टेशनं म्हणून दाखवतोस का?’ त्यांनी विचारले. मुलाने तेच वाक्य पुन्हा म्हटले, जरा मोठ्याने. आई तोपर्यंत मिक्सर बंद करून चपला शोधत होती.