जुनी जर्मन शिकारचित्रे: घेताना आणि फ्रेम करताना

हरणांची जुनी जर्मन प्रिंट म्हटली की पुष्कळदा ती योहान एलियास रिडिंगरची (१६९८–१७६७) निघते. हा दक्षिण जर्मनीतल्या उल्म गावचा, पण आयुष्यभराचे काम तिथल्याच आउग्सबुर्ग शहरात. चित्र काढणे, तांब्याच्या पत्र्यावर उतरवणे आणि छापून विकणे, तिन्ही घरच्या घरी. चित्राखालच्या बारीक अक्षरांत हेच नोंदलेले असते: 'इन्व्ह.' म्हणजे मूळ चित्र कोणाचे, 'फेक.' किंवा 'स्कल्प.' म्हणजे कोरले कोणी, 'एक्स्क.' म्हणजे प्रसिद्ध कोणी केले. कोरणारा म्हणून मुलगा मार्टिन एलियास दिसला तरी दचकू नका. बापाची बरीच चित्रे त्यानेच कोरली.

चित्राखालचा जर्मन मजकूर कापलेला असेल तर भावात घासाघीस जरूर करा. विलक्षण शिंगांच्या हरणांच्या मालिकेत शिकार कुठे, कधी, कोणी केली हे त्या मजकुरातच आहे. १७४० च्या मालिकेत प्राण्यांसोबत त्यांच्या पावलांचे ठसेही आहेत. '१६ टोकांचे हरीण' असे वाचून दोन्ही शिंगांची टोके मोजू नका. जर्मन शिकारी ज्या शिंगाला जास्त टोके, त्यांची दुप्पट धरतात. (हे युरोपातले लाल हरीण, आपल्या सांबराच्या शिंगाला बहुधा तीनच टोके.)

अस्सलपणा तपासायला दहापट भिंग पुरते. रंगाचे एकसारखे, जाळीत बसवलेले ठिपके दिसले तर ती यांत्रिक छपाई. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून केलेल्या छपाईत सलग रेषा दिसतात आणि शाई किंचित उठलेली असते. ओलसर कागद पत्र्यासकट रुळांखालून जातो, त्यामुळे पत्र्याची कड कागदात खचते. ही खाच शोधा. मात्र खाच नाही म्हणजे नकली असे नाही, कारण पूर्वी कागद खाचेच्या आतून कापून वहीत चिकटवत. कागद उजेडासमोर धरा: साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर समांतर रेषा दिसल्या तर जुन्या पद्धतीचा हातकागद. गुळगुळीत, रेषाहीन कागद आणि फिक्या, झिजलेल्या रेषा असल्या तर बहुधा त्याच पत्र्यावरून एकोणिसाव्या शतकात काढलेली प्रत. तीही खरीच, पण किंमत कमी. रंग पाहून भुलू नका: रिडिंगरची बहुतेक चित्रे काळ्या शाईतच विकली गेली, रंग पुष्कळदा मागाहून भरलेला असतो.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. कडा कापायच्या नाहीत. आम्लमुक्त माउंट (चित्राच्या मागचा-भोवतीचा पुठ्ठा) वापरायचा आणि चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगायचे. सेलोटेप किंवा फेविकॉल अजिबात नको, टेपचा डिंक कागदात मुरून पिवळा पडतो. काच आणि चित्र यांत ३–४ मिलिमीटर जागा हवी, नाहीतर ओल धरून कागद काचेला चिकटतो.

मुंबई-कोकणात चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका. आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी आणि तांबूस ठिपके येतात. कागदाला आणि खळीला कसरही लागते. पावसाळा सरला की फ्रेम उतरवून पाठ तपासा. ठिपके दिसले तर घरी ब्लीच लावू नका, चित्र तसेच आमच्याकडे आणा.