"तुझ्या शेजारी कोण?" एवढंच विचारून प्रोटीनचा नकाशा काढणारा माणूस

मागच्या आठवड्यात आईच्या गुडघ्याचा एमआरआय करायला कॉलेज रोडला गेलो होतो, तिथे बाकावरचे एक काका विचारत होते, "यात रेडिएशन असतं का हो?" एक्स-रेसारखं नसतं काका. उलट या तंत्राच्या नावात आधी 'न्यूक्लियर' शब्द होता, तो लोक बिचकतात म्हणून गाळला. अंगातल्या पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं म्हणजे बारीक चुंबकं, त्यांना मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओ लहरी सोडल्या की ती उत्तर देतात, बस.

हीच करामत (शास्त्रज्ञ हिला एनएमआर म्हणतात) काचेच्या बारीक नळीत प्रोटीनवर केली कुर्ट व्यूट्रिश यांनी. जन्म स्वित्झर्लंडचा, १९३८. बाझेलला १९६४ मध्ये पीएचडी केली ती तांब्याच्या संयुगांवर, आणि सोबत चक्क खेळाच्या शिक्षकाची डिग्री! मग अमेरिकेत बर्कली, मग बेल लॅब्स ही संशोधन संस्था, तिथे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नादी लागले आणि १९६९ ला झुरिकच्या ईटीएच या तंत्र विद्यापीठात, म्हणजे मायदेशी परतले. विषय बदलत गेले, पण स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे लहरी सोडून पदार्थाचं उत्तर वाचायचं तंत्र, काही सुटली नाही.

त्या काळी प्रोटीनचा आकार बघायचा तर आधी त्याचा स्फटिक करून त्यावर एक्स-रे सोडायला लागायचे आणि कित्येक प्रोटीनं स्फटिक व्हायलाच तयार नसतात. एनएमआरला प्रोटीन पाण्यात विरघळलेलं चालतं, पण हजारो हायड्रोजन एकदमच बोलायला लागतात, नुसता गलका. ईटीएचमध्येच असलेल्या रिचर्ड अर्न्स्ट यांच्यासोबत मग हा गलका दोन दिशांना पसरवायची पद्धत बसवली. (अर्न्स्टना १९९१ चं नोबेल.)

आता समजा रात्री रविवार कारंजाला लाईट गेलीये, नकाशा नाहीये, आणि तुम्ही प्रत्येक दुकानदाराला फक्त "तुझ्या शेजारी कोण?" विचारत चाललाय. ५ नंबरवाला म्हणतो ६ नंबर, ते तर माहितीच होतं, पण मग म्हणतो "आणि पाठीला पाठ लागून ५० नंबर", म्हणजे गल्ली वळून परत इथेच आलीये! प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, तीही अशीच गुंडाळलेली असते. दोन हायड्रोजन साधारण ५ अँगस्ट्रॉमच्या आत असले, म्हणजे मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाइतके जवळ, तरच एकमेकांची खबर देतात. अशा शेकडो खबरा जुळवून कॉम्प्युटरवर आकार काढायचा.

१९८४ मध्ये पहिला आकार आला, वळूच्या वीर्यातल्या एका छोट्या प्रोटीनचा (हो, खरंच). पण लोकांना पटेना, आधीच माहिती असलेल्या तसल्याच एका प्रोटीनवरून तुम्ही हे जुळवलं असणार म्हणे. मला यांच्या करिअरमधली सगळ्यात भारी गोष्ट यापुढची वाटते. भांडत बसले नाहीत. टेंडामिस्टॅट नावाचं ७४ अमिनो आम्लांचं प्रोटीन घेतलं, तेच जर्मनीत रॉबर्ट ह्यूबर यांनी एक्स-रेने सोडवायला घेतलं, एकमेकांचं न बघता. दोन्ही आकार जुळले! आपली फजिती होऊ शकते अशी परीक्षा आपणहून द्यायला जिगर लागते राव.

२००२ ला रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा यांना मिळाला. त्याआधी १९९६ मध्ये त्यांच्या ग्रुपने उंदराच्या प्रायॉनचा, म्हणजे मॅड काऊ रोगवाल्या प्रोटीनच्या भावंडाचा, मुख्य भाग सोडवला आणि वर्षभरात अख्खं प्रोटीन तपासलं, तर त्याला जवळपास शंभर अमिनो आम्लांची शेपटी निघाली, कुठेच न बसणारी, पाण्यात नुसती वळवळत राहणारी.