‘वेठीस धरणे’ : शब्दामागचा इतिहास

संप झाला की ‘रुग्णांना वेठीस धरले’ असा मथळा हमखास दिसतो. इथे अर्थ एवढाच, की भांडण दोघांचे आणि हाल तिसऱ्याचे. मूळ शब्दात मात्र घाम होता.

‘वेठ’ आली संस्कृत ‘विष्टि’वरून. विष्टि म्हणजे राज्याने फुकट करून घेतलेली अंगमेहनत, थोडक्यात श्रमाच्या रूपातला कर. जुनागढच्या इ. स. 150 च्या शिलालेखात क्षत्रप रुद्रदामन अभिमानाने सांगतो, की सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध त्याने रयतेवर कर, विष्टि वा सक्तीची देणगी न लादता स्वतःच्या खजिन्यातून बांधला. विदर्भातल्या वाकाटकांच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेले गाव ‘सर्व विष्टी’तून मुक्त केले आहे. सूट तांब्यावर कोरून द्यावी लागते, यावरून एरवीचा रिवाज कळतो.

‘बिगार’ फारसीतून आला, अर्थ तोच. ‘कागदपत्र’ जसा परका आणि देशी शब्द जोडून झाला, तसाच ‘वेठबिगार’. शेजारच्या तेलंगणात हीच प्रथा ‘वेट्टी’.

गावगाड्यात वेठीचा सर्वांत मोठा भार महार वतनावर, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढीजात जमीन देणाऱ्या व्यवस्थेवर पडला. जमीन तुटपुंजी, आणि काम रात्री-बेरात्री कधीही : सरकारी टपाल पोचवणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, मेलेली जनावरे ओढणे. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने संपायला 1958 उजाडले. ठाणे जिल्ह्यात वेठ कर्जातून यायची. लग्नापुरते पैसे घेतलेला वारली ‘लग्नगडी’ व्हायचा, नवराबायको दोघेही सावकाराकडे राबायचे, आणि कर्ज काही फिटायचे नाही. 1945 चा वारल्यांचा उठाव याविरुद्धच होता.

संविधानाच्या अनुच्छेद 23 ने बिगारीला मनाई केली. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असली कर्जेही रद्द केली. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले, की किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. त्यामुळे मजुरी मिळते म्हणून वेठ नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

वापरताना एक फरक सांभाळावा. ओलीस म्हणजे शर्त पुरी होईपर्यंत तारण म्हणून अडकवलेला माणूस. त्याला राबावे लागतेच असे नाही. वेठीला धरलेल्याकडून काम उपसून घेतात. अपहरणाच्या बातमीत म्हणून ‘ओलीस’ हवे. आणि उचल घेऊन अडकलेल्या, हिशेब न मिळालेल्या वीटभट्टी मजुराबद्दल लिहिताना ‘वेठबिगार’ हाच नेमका शब्द आहे, तिथे नुसते ‘शोषण’ लिहून भागत नाही.