कॉन्स्टंटाईनच्या नाण्यावरचा सूर्य

रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने 312 साली मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकली, ती ख्रिस्ती देवाच्या कृपेने असं त्याच्या बाजूचे ख्रिस्ती लेखक सांगतात, आणि 313 ला ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीकही मिळाली. मग लगेच नाण्यांवर क्रॉस आले असतील ना? छे! पुढची चार-पाच वर्षं त्याच्या ब्रॉन्झच्या नाण्यांवर कोण मिरवतंय तर सूर्यदेव सोल, डोक्यावर किरणांचा मुकुट, उजवा हात वर, डाव्या हातात गोल, आणि कडेने लिहिलंय की हा अजिंक्य सूर्य सम्राटाचा सोबती.

ब्रॉन्झचं हे नाणं मुळात आधीच्या सम्राट डायोक्लेशनने 294 च्या सुमाराला काढलेलं (सूर्य त्यावर नंतर आला), तेव्हा साधारण 10 ग्रॅमचं, तांबं, कथील, शिसं, किंचित चांदी आणि वरून चांदीचा पातळ मुलामा. पुढे महागाईत सरकारच ते बारीक करत गेलं, 318 पर्यंत जेमतेम 3 ग्रॅम उरलं. आज बहुतेकांचा मुलामा उडालाय आणि मातीत राहून हिरवा थर चढलाय. कधी असं नाणं हातात आलंच तर चिंचेने घासू बिसू नका हां, देवाचा चेहरा आणि अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच टिकलेली असतात.

साधारण 318 नंतर ब्रॉन्झवरून सूर्य गायब होतो. 327 ला कॉन्स्टँटिनोपलला एक नाणं निघालं, त्यावर ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं लावलेलं निशाण सापाच्या अंगात खुपसलंय, पण ही नाणी आज दुर्मीळ. मला मात्र खरी गंमत वाटते ती 337 मध्ये तो वारल्यावर पोरांनी काढलेल्या नाण्याची. बाप चार घोड्यांच्या रथातून आकाशात चाललाय, वरून देवाचा हात त्याला घ्यायला आलाय, आणि नाव मात्र जुन्या रोमन रिवाजाप्रमाणे ‘देव झालेला’ सम्राट म्हणूनच! दोन्ही धर्म एकाच बोटभर नाण्यावर आणि कुणाला त्यात वावगं वाटलेलं दिसत नाही.

353 ला पश्चिमेत गादी बळकावलेल्या मॅग्नेन्शियसने तीच ख्रिस्ताची आद्याक्षरं अख्ख्या नाण्याभर छापली. आणि दहा वर्षांच्या आत कॉन्स्टंटाईनचाच पुतण्या ज्युलियन जुन्या देवांकडे परत गेला, त्याच्या मोठ्या ब्रॉन्झ नाण्यावर बैल आणि वर दोन तारे. बैलाचा अर्थ काय यावर अभ्यासक अजून भांडतायत, सीरियातल्या अँटिओक शहराच्या लोकांनी मात्र तेव्हाच त्या बैलाची आणि ज्युलियनच्या दाढीची यथेच्छ टर उडवली होती.