अबरफॅनचे ढिगारे कोणाच्या पैशाने हटले?

वेल्समधील अबरफॅन गावावरचे खाणकचऱ्याचे ढिगारे सरकारने संपूर्णपणे स्वखर्चाने हटवले, हा समज चुकीचा आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तेथील एक ढिगारा घसरून १४४ जण दगावले, त्यांत ११६ मुले होती. उरलेले ढिगारे हटवावेत, अशी मागणी गावकऱ्यांनी लावून धरली; मात्र ते सरकारी मालकीच्या नॅशनल कोल बोर्डाचे असूनही, पीडितांसाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच या कामासाठी १,५०,००० पौंड घेण्यात आले, आणि हा अन्याय माझ्या मते अक्षम्य होता. १९९७ मध्ये तेवढीच रक्कम व्याजाविना परत मिळाली, तोवर महागाईने तिचे मोल कितीतरी घटले होते. पुढे २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी २० लाख पौंड दिले.