नोंद आणि निष्कर्ष

क्षेत्रीय निरीक्षणांतून हाती आलेली पहिली माहिती जाहीर होते तेव्हा ‘काय दिसले’ आणि ‘त्याचा अर्थ काय’ या दोन गोष्टी बहुधा एकाच वाक्यात सांगितल्या जातात आणि वाचणाऱ्याला त्या एकच वाटू लागतात. ‘या तळ्यातले बेडूक कमी झाले’ हे विधान नोंदीसारखे भासते, पण तो निष्कर्ष आहे. नोंद एवढीच असते की, अमुक तारखेला सूर्यास्तानंतर अर्धा तास तळ्याच्या एका ठरावीक काठावर उभे राहून बेडकांचे इतके आवाज मोजले. गेल्या वर्षीपेक्षा आवाज कमी भरले, यामागे बेडूक घटल्याचे कारण असू शकते, तसेच त्या संध्याकाळी हवा कोरडी आणि थंड होती, एवढेच कारणही असू शकते. तपमान टिपून ठेवले असेल तर या शंकेचा छडा लागतो, नाहीतर ती कायमची राहते.

हा फरक अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांच्या मोजमापांत फार स्पष्ट दिसतो. हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, मार्च 1958 मध्ये त्यांच्या उपकरणाने हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत 313 भाग असे दाखवले. एप्रिलमध्ये आकडा वाढला, मे महिन्यात आणखी वाढला. मग वीज गेल्याने यंत्र काही आठवडे बंद राहिले आणि जुलैत ते पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रमाण मार्चपेक्षाही खाली आले होते. या टप्प्यावर कोणी घाईने निष्कर्ष काढला असता, तर ‘हे प्रमाण बेभरवशाचे आहे’ असाच काढला असता, आणि खुद्द कीलिंग यांनाही तीच धास्ती वाटत होती. त्यांनी मोजणे थांबवले नाही. पुढच्या वर्षी तोच चढउतार त्याच महिन्यांत परत आला, आणि उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात हवेतून कार्बन ओढून घेतात व हिवाळ्यात तो परत करतात, हे त्या आकड्यांमध्ये पहिल्यांदाच उमटलेले दिसले. मार्चचा किंवा जुलैचा एकही आकडा त्यासाठी बदलावा लागला नाही.

उलट दिशेचे उदाहरण दक्षिण ध्रुवावरचे आहे. बायसेप-2 या दुर्बिणीच्या गटाने मार्च 2014 मध्ये जाहीर केले की, विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठलेल्या तरंगांची, खूण आकाशभर उरलेल्या आदिम सूक्ष्मलहरींच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्यांच्या कंपनाच्या दिशेत, सापडली आहे. ध्रुवीकरणाचे मोजमाप खरे होते. ते मुख्यतः एकाच वारंवारतेवर, म्हणजे 150 गिगाहर्ट्झवर, घेतलेले असल्यामुळे आपल्याच आकाशगंगेतील धूळही तसाच ठसा उमटवते की काय, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नव्हते. अनेक वारंवारतांवर मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाची मोजमापे जोडून 2015 च्या सुरुवातीला जे संयुक्त विश्लेषण झाले, त्यात त्या खुणेचा मोठा वाटा धुळीचा निघाला आणि दाव्याला आधार उरला नाही. या प्रकरणाला सरसकट ‘चूक’ म्हटले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. निष्कर्ष मागे घ्यावा लागला, पण मोजमापे त्या संयुक्त विश्लेषणातही वापरली गेली.

अर्थात, नोंद ही सर्वस्वी कोरी, निर्मळ वस्तू असते असेही मानू नये. इटालियन खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी स्कियापारेली यांनी 1877 मध्ये मंगळाच्या नकाशावर सरळ रेषा काढल्या, तेव्हा त्यांना वाटले की आपण दिसले ते टिपत आहोत. प्रत्यक्षात अस्पष्ट ठिपके जोडून रेषा पाहण्याचे काम डोळ्यांनीच करून टाकले होते. निष्कर्ष नोंदीत असा नकळत शिरतो, म्हणून कसे पाहिले, कोणत्या उपकरणाने आणि किती वेळ, हेही नोंदीचाच भाग मानावे लागते.

ते किती बारकाईने करता येते, हे केंब्रिजजवळ 1967 मध्ये दिसले. संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखाचे शेकडो फूट स्वतः तपासत असताना त्यांना जेमतेम पाव इंचाची एक खरखरीत खूण आढळली. ती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे आधी, म्हणजे तारे रोज जितके आधी उगवतात तितकीच आधी, येत होती. त्यामुळे तिचा उगम आकाशात असावा, एवढे मानायला जागा झाली. आलेखाचा वेग वाढवल्यावर ठोके सुटे दिसले: दर 1.337 सेकंदाला एक. फेब्रुवारी 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या लेखात हा आकडा ठामपणे दिला होता, मात्र श्वेत बटू किंवा न्यूट्रॉन तारा (दोन्ही मृत ताऱ्यांचे अतिघन अवशेष) स्पंदन पावत असावा, हे स्पष्टीकरण तात्पुरते म्हणूनच मांडले होते. ते स्पष्टीकरण त्याच वर्षी मागे पडू लागले आणि स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा हे उत्तर पुढे आले, 1.337 सेकंदांचा आकडा मात्र तोच राहिला.