गोदामातला स्कॅनर आणि 'पॉवर फुल करा' हा सल्ला

"बारकोड स्कॅनरचं वाय-फाय सारखं तुटतंय? ॲक्सेस पॉइंटची (वाय-फाय देणाऱ्या पेटीची) पॉवर फुल करा, नाहीतर आणखी दोन पॉइंट बसवा." हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतोही, कारण पॉवर वाढवली की स्कॅनरवर सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसतात.

पण त्या कांड्या एकाच बाजूचं सांगतात: पॉइंटचा आवाज स्कॅनरला ऐकू येतोय. स्कॅनरचा रेडिओ लहान, बॅटरीवर चालणारा. त्याचं उत्तर परत पोचलं नाही तर स्कॅन अडकतोच. शिवाय लांबवर सिग्नल मिळत राहिला की स्कॅनर जवळचा पॉइंट सोडून जुन्यालाच चिकटून राहतो. आणखी पॉइंट बसवावेत, तर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. जवळपास चौथा पॉइंट आला की कुणाशी तरी चॅनलची वाटणी ठरलेली.

तपासायचं तर रॅक भरलेले असताना (रिकाम्या गोदामातली चाचणी फसवी, धातू आणि पाण्याच्या बाटल्या सिग्नल अडवतात) फोन नव्हे, स्कॅनरच घेऊन गल्लीगल्लीतून फिरा. पिंग (उत्तर येतंय का हे बघायला सतत पाठवलेले छोटे संदेश) चालू ठेवा. त्याच वेळी कंट्रोलरवर (सगळे पॉइंट जिथून सांभाळतात तिथे) त्या स्कॅनरचा सिग्नल बघा. स्कॅनरवरच्या आकड्यापेक्षा तो बराच कमी दिसला, तर पॉइंटची पॉवर स्कॅनरच्या पातळीपर्यंत उतरवा आणि पुन्हा तीच फेरी मारा.